माळ्यावरील टाकीची गळती : शोध, दुरुस्ती आणि दक्षता

मुळा-मुठेच्या काठी, नगर रस्त्यालगत वसलेले खराडी हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. तोपर्यंत तेथे ग्रामपंचायतीचा कारभार होता आणि गावाभोवती शेती होती. पुढील पंचवीस वर्षांत शेतांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आणि उंच निवासी संकुले उभी राहिली. आज तेथे गावठाणातील जुनी घरे, तीन-चार मजल्यांच्या साध्या इमारती आणि अलीकडची गगनचुंबी संकुले एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. यांपैकी पहिल्या दोन प्रकारच्या घरांत न्हाणीघरावरील माळ्यावर एक वस्तू बहुधा आढळते. ती म्हणजे पाण्याची टाकी.

ही टाकी कोणाच्या नजरेस पडत नाही. ती अंधारात असते, तिच्यापुढे जुन्या पेट्या, गाद्या आणि दिवाळीचे आकाशकंदील रचलेले असतात. तोटी फिरविली की पाणी येते, एवढाच तिचा आणि घरातील माणसांचा संबंध असतो. छताला ओल येते, गिलाव्याचे पोपडे पडू लागतात, तेव्हा कोठे कोणीतरी शिडी लावून वर पाहतो. तोपर्यंत गळतीला अनेक महिने झालेले असतात. अशी गळती ही घरातली किरकोळ बाब समजली जाते. वस्तुतः तिच्यात तीन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. दुरून आणलेले, शुद्ध केलेले पाणी वाया जाते. माळ्याच्या स्लॅबमधील लोखंड गंजते आणि त्याखाली वावरणाऱ्या माणसांच्या जिवाला धोका निर्माण होतो. शिवाय खालच्या बिऱ्हाडाशी वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयाचा नीट अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.

पाणी येते कोठून?

पुण्याच्या पूर्व भागाला, म्हणजे खराडी, वडगाव शेरी, विमाननगर या परिसराला पूर्वी खडकवासला धरणसाखळीच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागे. शहराच्या पश्चिमेकडील धरणांतून निघालेले पाणी पूर्वेच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचा दाब कमी होत असे. ही अडचण दूर करण्यासाठी खेड तालुक्यातील भामा नदीवरील भामा-आसखेड धरणातून पाणी आणण्याची योजना आखण्यात आली. दररोज २० कोटी लिटर क्षमतेच्या या योजनेचे लोकार्पण १ जानेवारी २०२१ रोजी झाले.

योजना पूर्ण होण्यास विलंब लागला, त्याचे एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. धरणासाठी ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी पुनर्वसनाच्या आणि मोबदल्याच्या मागणीसाठी वेळोवेळी आंदोलने केली. त्यामुळे जलवाहिनीचे काम अनेकदा थांबले. खराडीतील नळाला येणाऱ्या पाण्यामागे अशा रीतीने दुसऱ्या एका तालुक्यातील कुटुंबांची जमीन उभी आहे. ते पाणी धरणातून उपसले जाते, शुद्ध होते, मैलोगणती जलवाहिनीतून वाहते आणि शेवटच्या दहा फुटांत, माळ्यावरच्या टाकीतून थेंबाथेंबाने गळून मोरीच्या जाळीत जाते, ही स्थिती कोणासही भूषणावह नाही.

टाकी माळ्यावर का?

पाणी साठवून ठेवण्याची गरज पुण्याला नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ते पेठांमधील हौदांत साठविले जाई. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावे त्याची आजही साक्ष देतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला धरण फुटले, तेव्हा शहराचा नळाचा पाणीपुरवठा कोलमडला. साठवणीचे मोल अशा प्रसंगी कळते.

घरोघरी नळ आल्यावर वस्तीचा हौद घरात आला आणि त्याचे रूप टाकीचे झाले. नळाला ठराविक वेळीच पाणी येत असल्यामुळे ते साठविणे भाग होते. साठविलेले पाणी तोटीला दाबाने यावे यासाठी टाकी उंचावर असणे आवश्यक होते. न्हाणीघर आणि संडास यांचे छत घरातील इतर छतापेक्षा खाली असते व त्यावर मोकळी जागा राहते. त्या जागेत २०० ते ५०० लिटरची टाकी बसविण्याची पद्धत पडली.

येथेच एक महत्त्वाचा मुद्दा आहे. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्ध्या टनाचा भार होय. टाकीत १ मीटर उंचीचे पाणी असेल, तर तिच्या तळाखालील प्रत्येक चौरस मीटरवर १,००० किलो भार पडतो. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीच्या जमिनीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरला जातो. याचा अर्थ, माणसांच्या वावरासाठी केलेल्या मजबूत जमिनीच्या पाचपट भार एका अरुंद माळ्याने पेलावा अशी अपेक्षा केली जाते. पुष्कळदा तो माळा केवळ सामान ठेवण्यासाठी बांधलेला असतो. असा माळा गळतीने सतत ओला राहू लागला, म्हणजे धोका दुणावतो.

थेंबांचा हिशेब

गळती किती आहे हे अंदाजाने सांगता येत नाही. ते मोजावे लागते. समजा, टाकी चौकोनी आहे आणि तिचा तळ ६० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद आहे. रात्री झोपण्यापूर्वी पाण्याच्या पातळीशी खडूने खूण केली. आठ तासांनी पाहिले असता पातळी ५ सेंटिमीटर खाली गेलेली आढळली. ६० गुणिले ६० गुणिले ५ म्हणजे १८,००० घनसेंटिमीटर, अर्थात १८ लिटर पाणी रात्रीतून गेले. याच गतीने दिवसाला ५४ लिटर आणि वर्षाला १९,७१० लिटर पाणी जाईल. १०,००० लिटरचे जवळजवळ दोन टँकर होतील एवढे हे पाणी आहे.

या आकड्याचा दुसराही अर्थ पाहावा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक व्यक्तीला दररोज ५५ लिटर पाणी नळाने मिळावे, असे प्रमाण ठरविण्यात आले आहे. शहरातील एक गळकी टाकी खेड्यातील एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याइतके पाणी रोज गमावू शकते. विशेष म्हणजे एवढी गळती असूनही ती पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाणी भिंतीवरून ओघळत मोरीत उतरते आणि मोरी तर नेहमी ओलीच असते.

गळती नेमकी कोठे?

ओल दिसली की टाकी बदलावी किंवा दिसेल तेथे लांबी भरावी, असा अनेकांचा कल असतो. त्यामुळे खर्च होतो; मात्र गळती थांबत नाही. रोगाचे निदान न करता औषध देण्यासारखेच हे आहे. माळ्यावरील ओल पाच कारणांनी येऊ शकते : बॉल कॉक नादुरुस्त होऊन टाकी वाहणे, नळीच्या जोडातून पाणी झिरपणे, टाकीच्या अंगालाच चीर किंवा भोक असणे, टाकीला बाहेरून घाम येणे आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून अथवा गच्चीतून पाणी उतरणे. यांतील शेवटच्या दोन प्रकारांत टाकीचा काही दोष नसतो.

निदानाची रीत सोपी आहे. टाकी भरल्यानंतर टाकीत येणाऱ्या आणि टाकीतून जाणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांचे व्हॉल्व्ह बंद करावेत. पातळीशी खूण करून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पातळी खाली गेलेली असेल, तर दोष टाकीच्या अंगात किंवा व्हॉल्व्हच्या अलीकडील जोडात आहे. पातळी जागच्या जागी असूनही ओल वाढत असेल, तर टाकीखेरीज अन्यत्र शोध घ्यावा. नळाला पाणी येण्याच्या वेळेतच टपटप होत असेल, तर बॉल कॉक किंवा येणारी नळी यांकडे पाहावे.

पातळी खाली जात असल्यास टाकी भरू न देता तशीच राहू द्यावी. ज्या उंचीवर पातळी स्थिर होते, गळती त्या उंचीवर आहे असे समजावे. पातळी तळापर्यंत गेली, तर दोष तळाशी आहे. त्यानंतर टाकीचे बाहेरचे अंग कोरड्या फडक्याने पुसून खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. कागदावर ज्या ठिकाणी प्रथम ओल उमटते, त्याच्या वरच्या बाजूस गळतीचे स्थान सापडते. तरीही संशय राहिल्यास टाकीतील पाण्यात खाण्याचा रंग मिसळावा आणि छतातून उतरणारे पाणी रंगीत आहे काय ते पाहावे. ते रंगीत नसेल, तर पाणी टाकीचे नव्हे. हे पाणी अर्थातच पिण्यास वापरू नये.

पत्र्याच्या टाकीच्या बाबतीत पावसाळ्यात एक फसवणूक होते. आतील पाणी थंड आणि बाहेरची हवा दमट असली, की टाकीच्या अंगावर सर्वत्र बारीक थेंब जमतात. थेंब पाण्याच्या पातळीइतक्या उंचीपर्यंत सारखे पसरलेले असतील, तर तो घाम समजावा. गळतीचे पाणी एका जागेपासून ओघळते. घामासाठी टाकी झाळण्याची गरज नसते. माळ्यावर हवा खेळती ठेवली म्हणजे पुरे.

काम हाती घेण्यापूर्वी

न्हाणीघराच्या माळ्याजवळ बहुधा गिझरची आणि दिव्याची वायर असते. ओल्या छतात विजेचा प्रवाह उतरू शकतो. म्हणून कोणतीही तपासणी करण्यापूर्वी घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि उजेडासाठी बॅटरी वापरावी. भिंतीला किंवा तोटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर टाकीचे काम बाजूला ठेवून प्रथम परवानाधारक विद्युत कारागिराला बोलवावे.

शिडी धरण्यास दुसरा माणूस असावा. छताच्या खालच्या बाजूस भेगा दिसत असतील, गिलावा निसटला असेल किंवा सळया उघड्या पडल्या असतील, तर माळ्यावर चढू नये. टाकी रिकामी करणे हे पहिले काम असते, कारण त्याने स्लॅबवरील भार ताबडतोब कमी होतो. काढलेले पाणी फेकून न देता बादल्यांत, पिंपात भरून घ्यावे; ते धुण्यास, फरशी पुसण्यास उपयोगी पडते.

बॉल कॉकची दुरुस्ती

टाकी वाहण्यामागे बॉल कॉक हे अगदी नेहमीचे कारण असते. पाणी भरत जाईल तसा चेंडू वर उचलला जातो, त्याची दांडी तोटीतील वॉशरला दाबते आणि पाणी बंद होते. वॉशर झिजला, त्यावर क्षार साचले, दांडी वाकली किंवा चेंडूत पाणी शिरले, तर तोटी पूर्ण बंद होत नाही. चेंडू काढून कानाजवळ हलवून पाहावा. आत पाणी खळखळल्यास तो बदलावा. वॉशर काही रुपयांत मिळतो आणि तो बदलण्यास दहा मिनिटे पुरतात.

चेंडूची उंची अशी ठेवावी की, जादा पाण्याच्या नळीखाली दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहील एवढ्यावर पाणी थांबेल. या जादा पाण्याच्या नळीचे तोंड थेट मोरीच्या नळीत जोडण्याची चूक पुष्कळ घरांत झालेली असते. त्यामुळे टाकी महिनोन् महिने वाहत राहिली तरी कोणास पत्ता लागत नाही. ही नळी मुळात सूचना देण्यासाठी असते. तिचे पाणी न्हाणीघरात सर्वांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी पडले पाहिजे, म्हणजे ते पडू लागताच घरातील कोणीतरी बॉल कॉककडे लक्ष देईल.

जोडांची दुरुस्ती

टाकीला भोक पाडून निपल बसविलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंनी चेकनट व रबरी वॉशर लावून घट्ट केलेला असतो. काही वर्षांनी रबर कडक होते, त्याला चिरा पडतात आणि पाणी झिरपू लागते. टाकी रिकामी करून चेकनट सोडवावा, भोकाभोवतीचा क्षार आणि चिकटा साफ करावा, आत व बाहेर नवे रबरी वॉशर बसवावेत. निपलच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी चेकनट ज्या दिशेने फिरून घट्ट होतो त्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास ती नट फिरविताना सुटते. पूर्वी आट्यांना सफेदा आणि सुतळी लावीत. शिसे असलेला सफेदा पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात येणे आरोग्यास घातक आहे. तो वापरू नये.

चेकनट प्रथम हाताने बसवावा आणि नंतर पान्ह्याने अर्धा फेरा घट्ट करावा. अधिक जोर लावल्यास प्लास्टिकच्या टाकीला भोकापाशी चीर जाते आणि वॉशरच्या दुरुस्तीचे रूपांतर टाकी बदलण्यात होते. नळीचे वजन जोडावर लोंबकळत असेल, तर कितीही वेळा वॉशर बदलला तरी जोड पुन्हा गळणारच. यास्तव नळीला भिंतीशी क्लॅम्पने आधार द्यावा.

टाकीच्या अंगाची दुरुस्ती

टाकी कशाची आहे, यावर तिच्या अंगाची दुरुस्ती अवलंबून असते.

प्लास्टिकची टाकी पॉलिएथिलीनची असते. या पदार्थाला कोणतीही साधी चिकट वस्तू टिकाऊपणे धरत नाही. बाजारात मिळणारी दोन घटकांची एपॉक्सी लांबी चार-सहा आठवडे काम देईल. पुढे पाण्याच्या दाबाने तिची कड सुटते. योग्य उपाय म्हणजे प्लास्टिक वेल्डिंग. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती पुढे वाढण्याचे थांबवावे, चिरेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच द्यावी आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी गरम हवेने वितळवून खाच भरावी. हे काम अनुभवी कारागिराचे आहे. तळाला चीर असेल किंवा एकाहून अधिक चिरा असतील, तर टाकी बदलणे श्रेयस्कर. तळाला चीर जाण्याचे मूळ बहुधा बैठकीत असते. टाकी दोन विटांवर किंवा दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवल्यास तिचा मधला भाग अधांतरी राहतो आणि भाराने वाकतो. टाकीच्या संपूर्ण तळाखाली सपाट, एकसंध बैठक हवी.

पत्र्याच्या टाकीला जस्ताचा मुलामा असतो. तळाशी गाळ साचून राहतो, तेथे मुलामा प्रथम जातो आणि सुईच्या अग्राएवढी भोके पडतात. पत्र्याला पितळी निपल थेट जोडल्यास दोन धातूंच्या संपर्कामुळे त्या जागी गंज अधिक वेगाने चढतो. एखादे भोक असेल तर ते साफ करून आतून व बाहेरून रबरी वॉशर लावून नटबोल्टने बंद करता येते. भोक झाळावयाचे असल्यास शिसे नसलेले कथील वापरावे. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास विषारी धूर निघतो. म्हणून ते काम बंदिस्त माळ्यावर कदापि करू नये. तळ अंगठ्याने दाबला असता दबत असेल, तर त्या टाकीचे आयुष्य संपले असे समजावे.

जुन्या इमारतींत माळ्यावरच विटांची किंवा सिमेंट काँक्रीटची टाकी बांधलेली आढळते. तिची चीर वरवर सिमेंट फासून बुजत नाही. चीर टणक भाग लागेपर्यंत खोदावी, धूळ धुऊन काढावी आणि एक भाग सिमेंट व तीन भाग धुतलेली वाळू यांचा माल पाणीरोधक द्रव्य मिसळून भरावा. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यांना गोलाई द्यावी, कारण काटकोनात चीर लवकर पडते. नवा गिलावा किमान सात दिवस ओला ठेवावा. घाईने दुसऱ्याच दिवशी टाकी भरल्यास सारे श्रम वाया जातात.

काही घरांत अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या टाक्या अद्याप आहेत. त्या कापणे, घासणे, भोके पाडणे यांमुळे उडणारे बारीक तंतू फुप्फुसास अपायकारक असतात. अशा टाकीची दुरुस्ती न करता ती ओली करून, न फोडता, सबंध उतरवावी.

दुरुस्ती कोणतीही असो, नंतर टाकी प्रथम अर्धी भरून चोवीस तास पाहावी. खूण हलली नाही, तरच ती पूर्ण भरावी आणि आणखी चोवीस तास पाहावी. सुरुवातीला भरलेले पाणी पिण्यास वापरू नये.

स्लॅबची परीक्षा

टाकीची गळती थांबली म्हणजे काम संपले, असा समज चुकीचा आहे. काँक्रीटमधील लोखंडाला पाणी व हवा मिळाली की ते गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या फुगवट्याने काँक्रीट आतून फुटते. प्रथम छतावर सळईच्या रेषेत बारीक भेग दिसते, तांबूस डाग उमटतात, पुढे तुकडे गळून पडतात. स्लॅब वाळल्यावर लाकडी दांडक्याने खालून हलकेच ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, तर तेथील काँक्रीट सुटले आहे. अशा वेळी केवळ गिलावा करून आणि रंग देऊन ते झाकणे म्हणजे संकट लपविणे होय. बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि तो मिळेपर्यंत टाकी रिकामीच ठेवावी.

नवी टाकी घेताना

टाकी बदलावयाची ठरल्यास मोठी टाकी घेण्याचा मोह टाळावा. भारतीय मानकांप्रमाणे शहरी घरगुती वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर लागतील. परंतु गच्चीवर सामाईक टाकी असताना ते सर्व माळ्यावर साठविण्याचे कारण नाही. पूर्वीपेक्षा अधिक क्षमतेची टाकी अभियंत्याला विचारल्याशिवाय बसवू नये. प्लास्टिकची टाकी आयएस १२७०१ या मानकाची खूण पाहून घ्यावी आणि दुकानात जाण्यापूर्वी माळ्याच्या तोंडाचे माप घ्यावे.

झाकण घट्ट बसणारे असावे व जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी असावी. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी टाकी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही; तिच्या आतील बाजू घासून धुवाव्या लागतात. गळतीमुळे माळ्यावर साचलेले डबकेही डासांना तेवढेच सोयीचे असते.

खर्च कोणी करावयाचा?

सामाईक इमारतीत गळतीबरोबर वाद येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचे साधारण तत्त्व असे आहे की, गच्ची, बाह्य भिंती, सामाईक जलवाहिन्या आणि सामाईक टाक्या यांची दुरुस्ती संस्थेने करावी व सदनिकेच्या आतील दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करावी. घरातील माळ्यावरील टाकी ही सर्वसाधारणपणे सदस्याची जबाबदारी ठरते. वर वर्णन केलेली पातळीची आणि रंगीत पाण्याची परीक्षा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसमोर केल्यास पाणी कोणाचे, हा वाद पुराव्याने मिटू शकतो.

नव्या संकुलांतील रहिवाशांना आणखी एक संरक्षण आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांमधील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. विकासकाने बसविलेली टाकी किंवा नळजोड सदोष असल्यास या तरतुदीचा आधार घेता येतो. त्यासाठी तक्रार लेखी आणि मुदतीत करणे आवश्यक आहे.

शाळा आणि पंचायती यांच्यासाठी

खराडीने ग्रामपंचायतीपासून महानगरपर्यंतचा प्रवास केला. तिच्या पूर्वेकडील वाघोलीसह तेवीस गावे २०२१ साली महानगरपालिकेत आली. राज्यातील अनेक गावे याच वाटेवर आहेत. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि पंचायत कार्यालय यांच्या टाक्यांची मालकी सर्वांची असल्याने त्यांच्या गळतीकडे पाहण्यास बहुधा कोणीच नसते. पंचायतीने वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्याच्या तोंडी, रात्रभराच्या पातळीची परीक्षा सर्व सार्वजनिक टाक्यांवर करून तिची नोंद वहीत ठेवावी. या कामाला खडूच्या एका तुकड्यापलीकडे खर्च नाही.

शिक्षकांना यात घनफळाचा जिवंत पाठ मिळू शकेल. विद्यार्थ्यांनी घरच्या किंवा शाळेच्या टाकीच्या तळाचे माप वडीलधाऱ्यांच्या मदतीने घ्यावे, रात्रीची आणि सकाळची पातळी टिपावी आणि वर्षाला किती लिटर पाणी जाते याचे उत्तर वर्गात मांडावे. पुस्तकातील टाकीचे गणित सुटते आणि विसरले जाते. स्वतःच्या माळ्यावरील टाकीचे उत्तर ज्या मुलीने काढले, ती त्याच संध्याकाळी घरी वॉशर बदलण्याचा आग्रह धरील.

धरण बांधणे, जलवाहिनी टाकणे ही शासनाची आणि महानगरपालिकेची कामे आहेत. त्या पाण्याचा शेवटचा दहा फुटांचा प्रवास मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. आज रात्री टाकीच्या आतल्या बाजूस खडूची एक रेघ ओढावी आणि उद्या सकाळी ती पाहावी. पुढचे काम काय, हे ती रेघच सांगेल.